उभे विमान आणि त्याच्या भोवतीचे काम

बडनेरा हे रेल्वेचे गाव. आपल्या सभासदांपैकी कितीतरी घरांत एक तरी माणूस रेल्वेत नोकरीला होता किंवा आहे. आता गावाच्या शेजारी विमानही आले आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा येथील अमरावती विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवेचा प्रारंभ झाला. धावपट्टी १८५० मीटरची आणि विमान पंख्याचे, ७२ आसनांचे, एटीआर जातीचे. याच विमानतळाच्या आवारात वैमानिक प्रशिक्षणाची मोठी शाळा काढण्याचे एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केले होते. साहजिकच आपल्या मुलामुलींच्या बोलण्यात 'ग्राउंड स्टाफ' हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. बारावी झाली की अमुक महिन्यांचा कोर्स आणि लगेच विमानतळावर नोकरी, असे त्यांना वाटते.

या नोकरीची ओढ किती आहे हे १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत दिसले. कालिना येथे एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीने २,२१६ जागांसाठी उमेदवारांना थेट बोलावले होते. कामे मुख्यतः सामानाची चढउतार आणि तत्सम. पगार वीस-पंचवीस हजारांचा. अर्ज हातात घेऊन हजारो तरुण आले, चेंगराचेंगरीची वेळ आली, आणि शेवटी अर्ज ठेवून परत जा असे सांगावे लागले. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातूनही उमेदवार तेथे गेल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. त्या गर्दीतल्या किती जणांना हे काम प्रत्यक्षात कसे असते आणि त्यात जिवाला धोका कोठे असतो हे ठाऊक होते, असा प्रश्न आम्हास पडला. प्रस्तुत लेख त्यासाठी आहे. कोणाला भीती घालावी असा आमचा हेतू नाही. ज्या कामावर आपली मुले जाणार, ते काम घरच्या माणसांनाही कळले पाहिजे, एवढेच.

विमानतळावर प्रवाशाला 'गेट' म्हणजे बसून राहण्याची खुर्ची आणि काचेचे दार एवढेच दिसते. त्या काचेच्या पलीकडे जी सिमेंटची विस्तीर्ण मोकळी जागा असते तिला एप्रन म्हणतात. विमान उभे करण्याची आखलेली प्रत्येक जागा म्हणजे 'बे'. विमान बेवर येऊन थांबले की त्याच्या भोवती एकाच वेळी दहा-बारा कामे सुरू होतात. एक गाडी इंधन भरते. दुसरीवरच्या पट्ट्यावरून सामान उतरते. शिडी लागते, जेवणाची गाडी लागते, पिण्याचे पाणी भरले जाते, शौचालयाची टाकी रिकामी होते, वीज जोडली जाते, इंजिनियर चाके आणि इंजिने पाहून जातो. हे सगळे पुष्कळदा अर्ध्या तासात आटोपायचे असते, कारण उभे विमान कंपनीला पैसे मिळवून देत नाही. आपल्या स्टेशनवर मालधक्का, पाण्याचे नळ, वाफेच्या काळातले कोळशाचे कोठार आणि प्रवाशांचा फलाट अशा वेगवेगळ्या जागा होत्या. येथे हे सारे एका विमानाच्या भोवती, पन्नास पावलांच्या वर्तुळात चालते.

अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आकाशातून कोसळणारे विमान येते. परंतु उभ्या विमानाच्या आसपास रोज जे घडते त्याचा हिशोब वेगळाच आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने एकविसाव्या शतकाच्या आरंभी काढलेला अंदाज असा होता की, जगभरात एप्रनवर दरवर्षी सुमारे २७,००० लहानमोठे अपघात होतात, म्हणजे हजार उड्डाणांमागे एक, आणि त्यांत सुमारे २,४३,००० माणसे जखमी होतात. बहुतेक इजा मोडलेल्या बोटाची, मुरगळलेल्या पाठीची असते. तिची बातमी होत नाही. बातमी होते ती क्वचित, जेव्हा १६ डिसेंबर २०१५ सारखे काही घडते.

त्या रात्री मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेले एअर इंडियाचे ए-३१९ विमान बेवरून मागे ढकलून झाले होते. विमानाला स्वतःहून मागे जाता येत नाही, म्हणून 'टग' नावाचा ठेंगणा, वजनदार ट्रॅक्टर त्याला मागे ढकलतो. या वेळी एक माणूस विमानाच्या पुढच्या चाकापाशी, कानाला हेडफोन लावून, तारेने वैमानिकाशी बोलत चालत असतो. ढकलणे संपले की टग सुटतो. मग पुढच्या चाकात घातलेली पिन काढायची, तिची लाल फीत उंच धरून वैमानिकाला दाखवायची, तार काढायची, सगळ्यांनी बाजूला व्हायचे, आणि शेवटी त्या माणसाने अंगठा वर करून 'आता जा' अशी खूण करायची, असा क्रम ठरलेला आहे. त्या रात्री ही शेवटची खूण मिळण्याआधीच विमान पुढे सरकले. खालचा माणूस अजून विमानाजवळच होता. सुरू असलेल्या इंजिनाने त्याला आत ओढून घेतले आणि तो जागीच मरण पावला. तो नवशिका नव्हता, अनुभवी सर्व्हिस इंजिनियर होता. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे खूण मिळाल्यावाचून विमान हलवले गेले. दुसरी म्हणजे, खालच्या माणसांनी सुरू इंजिनाजवळ जेथे उभे राहायला नको तेथे ती उभी होती.

रेल्वेतल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. शंटिंग करताना कपलिंग जोडायला किंवा सोडायला माणूस दोन बफरांच्या मधे शिरतो. तो बाहेर येऊन ड्रायव्हरला दिसेपर्यंत आणि त्याने स्वतः झेंडी किंवा बत्ती दाखवेपर्यंत इंजिन तसूभरही हलवायचे नाही, हा नियम यार्डातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेला असतो. तरीही ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधील बरौनी जंक्शनवर एक रेल्वे कर्मचारी इंजिन आणि डब्याच्या मधे चिरडला गेला, कारण तो कपलिंग सोडवीत असतानाच इंजिन मागे आले. मुंबई आणि बरौनी, विमान आणि रेल्वे, मधे नऊ वर्षांचे अंतर, पण चूक एकच आहे. वरच्या माणसाने खालचा माणूस बाजूला झाला असेल असे धरून चालायचे, आणि खालच्याने यंत्र हलणार नाही असे धरून चालायचे. दोघांनीही एकमेकांस पाहिलेले नसते.

आता इंजिनाकडे वळू. जेट इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. ए-३१९ सारख्या विमानाच्या इंजिनात त्याचा व्यास १.७३ मीटर, म्हणजे पुरुषभर उंचीचा. उड्डाणाच्या वेळी असे एक इंजिन दर सेकंदाला साडेतीनशे किलोंहून अधिक हवा आत घेते. बेवर उभे असताना ते अगदी मंद चालत असते, आणि तेथेच फसगत होते. या जातीच्या विमानांत मंद गतीलाही इंजिनाच्या तोंडापासून दोन-तीन मीटर अंतर धोक्याचे धरतात आणि जोर वाढला की ही मर्यादा चार मीटरच्या पुढे जाते. कामावर प्रत्येक विमानाचा वेगळा नकाशा दिलेला असतो. तो पाठ करायचा. 'साधारण एवढे' असे तेथे चालत नाही.

विद्यार्थी मित्रांनी एक साधा प्रयोग करून पाहावा. पेटत्या दिव्यावर हातभर अंतरावरून फुंकर मारली तर तो विझतो. तितक्याच अंतरावरून श्वास आत ओढून पाहा, ज्योत हलणारही नाही. फुंकर एका दिशेने, एका धारेत जाते, म्हणून तिचा जोर लांबवर टिकतो. आत ओढली जाणारी हवा मात्र चहूबाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून जरा दूर तिचा वेग अगदी कमी असतो. अंतर निम्मे केले की तो वेग सुमारे चौपट होतो, पुन्हा निम्मे केले की सोळापट. जेट इंजिनाचे दोन्ही धोके यातून कळतात. मागच्या बाजूचा झोत लांबवर पोचतो. इंजिन मंद असले तरी मागे शंभर फुटांपर्यंत जाऊ नये असे सांगतात, आणि जोर वाढला की सामानाच्या ट्रॉल्या, शिड्या, माणसे उडू शकतात. पण तो झोत निदान अंगाला जाणवतो, गरम लागतो, माणूस मागे सरतो. पुढच्या बाजूला तसे नाही. चार पावलांवर वारा जाणवत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. अजून दोन पावले टाकली की सावरायला वेळच उरत नाही. ज्याने डोळ्यांनी इंजिन सुरू की बंद ते पाहिले नाही, त्याला अंगाला कळेल या भरवशावर राहता येत नाही. कानांचाही भरवसा नाही, कारण कान संरक्षकाने झाकलेले असतात आणि शेजारच्या बेवर दुसरे विमान गर्जत असते.

यासाठी विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली एक लाल लुकलुकता दिवा असतो. इंजिन सुरू करण्याच्या आधी तो लावतात आणि इंजिन थांबल्यावर मालवतात. येणाऱ्या विमानाजवळ जाण्याचा नियम असा की विमान थांबले पाहिजे, इंजिनाचे फिरणे संपले पाहिजे, लाल दिवा बंद झाला पाहिजे, आणि प्रमुखाने 'चला' म्हटले पाहिजे. चाकांना ठोकळे लावणारी नेमलेली माणसे तेवढी, ठरलेल्या वाटेने, आधी जातात. ट्रकचा क्लीनर चढावर चाकाखाली दगड लावतो तसाच हा ठोकळा, तिकडच्या भाषेत 'चॉक'. इंजिनाच्या मध्यभागी पांढरी वळणदार खूण रंगवलेली असते, तीही शोभेची नव्हे. पंखा फिरतो आहे की नाही हे लांबून कळावे म्हणून ती काढतात.

नियम सांगितला म्हणजे काम झाले, असेही नाही. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी विमानतळावर जे घडले ते याच कारणासाठी सांगण्यासारखे आहे. येणाऱ्या एंब्राएर विमानातले, उभे असताना वीज देणारे छोटे इंजिन नादुरुस्त होते. म्हणून बाहेरची वीज जोडेपर्यंत मोठे इंजिन सुरूच राहणार होते. विमान येण्याआधी खालच्या माणसांची एकदा नव्हे, दोनदा बैठक घेऊन हे सांगण्यात आले होते की, इंजिने चालू असतील, लाल दिवा बंद होईपर्यंत कोणी जवळ जायचे नाही, सुरक्षेचे शंकूही ठेवायचे नाहीत. तरी एक कर्मचारी स्त्री शंकू घेऊन विमानाकडे गेली. सहकाऱ्याने हाताने खुणावले, ओरडून सांगितले. ती पंखाच्या पुढून चालत इंजिनासमोर आली आणि ओढली गेली. पुढे तेथील कामगार सुरक्षा खात्याने तिच्या कंपनीला १५,६२५ डॉलर दंड केला. एका माणसाच्या जिवाची ही रक्कम वाचून आम्ही स्तब्ध झालो. असो.

यात विचार करण्याजोगे हे आहे की, रोज शंभर वेळा विमान येते, इंजिन बंद होते, आणि शंकू ठेवला जातो. हात-पाय सवयीने चालतात. एकशे एकाव्या वेळी इंजिन सुरू असते. तेव्हा मनात नियम असतो, पण पाय सवयीच्या वाटेने गेलेले असतात. म्हणून चांगल्या विमानतळांवर केवळ तोंडी सूचनेवर भागवत नाहीत. एक माणूस फक्त पाहण्यासाठी उभा असतो आणि त्याला सर्वांना थांबवण्याचा अधिकार असतो, मग समोरचा त्याच्याहून वरच्या हुद्द्याचा का असेना.

आपल्या बेलोऱ्यासारख्या ठिकाणी जेट इंजिनाऐवजी पंख्याचे विमान असते. त्याचा धोका वेगळा आहे. एटीआरच्या प्रत्येक पंख्याला सहा पाती असतात आणि त्याचा व्यास जवळजवळ चार मीटर असतो. घरातला छताचा पंखा जोरात फिरू लागला की पाती दिसेनाशी होतात, फक्त धूसर चक्र उरते. भर उन्हात तेही दिसत नाही. एटीआरमध्ये प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दाराने चढतात आणि सामानाचे मोठे दार त्याच बाजूला, पण पंख्याच्या पुढे असते. म्हणजे सामान चढवणारा आणि प्रवासी यांच्या मधे पंखा. मागून पुढे जाताना जवळची वाट म्हणून पंख्याखालून जाण्याचा मोह होतो. पंखा थांबलेला असला तरी त्याच्या चक्रातून चालायचे नाही, वळसा घालूनच जायचे, ही शिस्त वैमानिक प्रशिक्षणाच्या छोट्या विमानांपासूनच लावतात. या विमानाची आणखी एक खुबी आहे. विजेसाठी त्याचे उजवे इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेक लावून रोखता येतो. पंखा स्थिर दिसतो, पण आत इंजिन धगधगत असते आणि मागे गरम हवा फेकत असते. पंखा थांबला म्हणजे इंजिन बंद, हा आडाखा येथे चुकतो.

अशा छोट्या विमानतळावर प्रवासीही पायीच विमानापर्यंत जातात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. आखलेल्या वाटेनेच चालावे. लहान मुलांचा हात सोडू नये. पदर, ओढणी, टोपी आवरून धरावी. टोपी उडाली तर तिच्या मागे धावू नये. फोटोचा मोह प्रत्येकालाच होतो, विशेषतः पहिल्या प्रवासाला. तो विमानतळाच्या इमारतीत भागवून घ्यावा.

इंजिन बंद, पंखा बंद, दिवा बंद, मग तर काळजी नाही? १० जुलै २०१९ रोजी पहाटे कोलकाता विमानतळावर स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानाची देखभाल चालू होती. एक तरुण तंत्रज्ञ चाके आत घेण्याच्या कप्प्यात काम करीत होता. त्या कप्प्याची दारे तेलाच्या दाबाने मिटतात. ती अचानक मिटली आणि तो मधे सापडून मरण पावला. उभ्या विमानात तेलाचा दाब असतो, वीज असते, कोंडलेली हवा असते. एका माणसाने आत हात घातलेला असताना दुसऱ्याने दुसरीकडून एक कळ फिरवली की पुरे.

यावरचा उपाय आपल्या गावातल्या प्रत्येक वायरमनला माहीत आहे. खांबावर चढण्याआधी तो फ्यूजची किटकॅट काढतो आणि स्वतःच्या खिशात ठेवतो. पेटीवर ठेवत नाही, दुसऱ्याच्या हातात देत नाही. जोवर ती त्याच्या खिशात आहे तोवर कोणी कितीही घाई केली तरी वीज सुरू होऊ शकत नाही. विमानाच्या कामात याच तत्त्वाने दारांना अडकण घालतात, कळीवर सूचनेची पट्टी बांधतात आणि चाकांच्या जोडणीत पिना घालतात. पिनांना लाल फिती असतात आणि त्यांवर उड्डाणापूर्वी काढा असे लिहिलेले असते. ज्याने घातली त्यानेच काढायची आणि मोजून परत ठेवायची. थ्रेशर आणि कडबाकुट्टीवर आपल्याकडे दर हंगामात बोटे, हात जातात. तेथेही अडकलेला कडबा काढताना मोटारीची किटकॅट खिशात असती तर बरेच हात वाचले असते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

राहिलेले धोके रोजचे आहेत. एप्रनवर सर्वांत जास्त नुकसान गाड्यांमुळे होते. २२ डिसेंबर २०१५ रोजी, म्हणजे मुंबईच्या त्या अपघातानंतर आठवडाही झाला नव्हता, कोलकात्यात एका विमान कंपनीची बस दुसऱ्या कंपनीच्या उभ्या एटीआर विमानाला जाऊन धडकली. जीवितहानी झाली नाही. गाडी मागे घेताना मागे उभा राहून खुणा करणारा माणूस असलाच पाहिजे, आणि तो दिसेनासा झाला की थांबायचे, हे ट्रकवाल्यालाही ठाऊक असते. विमानाला गाडी घासली आणि वरून फक्त पोचारा दिसला, तरी तो लपवायचा नाही. विमानाचे अंग पातळ असते, आणि वर गेल्यावर आतल्या हवेच्या दाबाने लहानशी इजा मोठी होऊ शकते. ठोकर लावणाऱ्यापेक्षा ती लपवणारा अधिक घातक, असे आम्ही म्हणू. पण ठोकर कबूल करणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जात असेल तर माणसे लपवणारच, हेही व्यवस्थापनाने लक्षात घ्यावयास हवे.

उंचीवरून पडणे हा दुसरा प्रकार. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत एअर इंडियाच्या बोइंग ७७७ विमानाचे दार बंद करताना एक हवाई सेविका खाली पडून गंभीर जखमी झाली. इतक्या मोठ्या विमानाचा उंबरठा जमिनीपासून पंधरा फुटांच्या आसपास असतो. शिडी किंवा जेवणाची गाडी बाजूला झाली आणि दार उघडेच राहिले, तर ती उघडी विहीरच समजावी.

इंधन भरताना काय होते ते थोडक्यात सांगतो. विमानाचे इंधन हे रॉकेलच्याच कुळातले. नळीतून वेगाने वाहताना त्यात स्थिर वीज साठते. ठिणगी पडू नये म्हणून आधी टँकर आणि विमान तारेने जोडतात आणि मगच नळी लावतात. पेट्रोल डेपोत काम केलेल्यांना ही तार परिचयाची आहे.

एप्रनवर पडलेला खिळा, दोरीचा तुकडा, बॅगेचे तुटलेले चाक, पाण्याची बाटली, यांनाही तेथे शत्रू मानतात. इंजिन ते ओढून घेते, नाहीतर चाकाखाली येते. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान कोसळून ११३ माणसे गेली. त्याचा आरंभ धावपट्टीवर दुसऱ्या विमानातून गळून पडलेल्या हातभर धातूच्या पट्टीने झाला होता. म्हणून ठराविक वेळी कर्मचारी ओळीने, खाली मान घालून एप्रनवर चालत जातात आणि दिसेल ते उचलतात. आपल्याकडे निंदणाला बाया जशा तासातासाने सरकतात तसेच. हे काम हलके समजले जाते. आमच्या मते तेथल्या अनेक भारदस्त कामांपेक्षा ते मोलाचे आहे.

पाठ आणि कान ही शरीराची दोन अंगे या नोकरीत हळूहळू जातात. एका बॅगेचे वजन जास्तीत जास्त ३२ किलो असावे असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. छोट्या विमानाच्या पोटात मात्र ती बॅग गुडघ्यांवर बसून, वाकून, फिरवून ठेवावी लागते. अशा स्थितीत वीस किलोही पाठीला जड. कानाचे संरक्षक पहिल्या दिवसापासून लावावेत, कारण गेलेले ऐकू येणे परत येत नाही आणि जाताना दुखतही नाही. वऱ्हाडातल्या उन्हाचा धोका तर पाश्चात्य देशांतल्या पुस्तकांत फारसा सापडणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांच्या वर पारा जातो, सिमेंटचा एप्रन त्याहून तापतो, आणि अंगावर चमकत्या पट्ट्यांचे जाकीट, पायांत जड बूट. उन्हाने भोवळ आलेला माणूस पंख्याच्या किंवा गाडीच्या वाटेत पडला तर दोष उन्हाचा की पाळी लावणाऱ्याचा? दर तासाला पाणी, सावलीत बसण्याची जागा आणि दुपारच्या पाळीत माणसांची अदलाबदल या गोष्टी आपल्या भागात सुरक्षेच्याच मानल्या पाहिजेत.

या साऱ्याच्या मुळाशी घाई आहे. विमानाला उशीर झाला की प्रत्येकाकडून मिनिटांचा हिशोब मागितला जातो. कोणामुळे किती मिनिटे गेली हे कागदावर येते, कोणी थांबून एक जीव वाचवला हे कोठेही नोंदले जात नाही. त्यात ही कामे बहुधा विमान कंपनी स्वतः करीत नाही, दुसऱ्या कंपनीला देते, आणि तीही पुष्कळ माणसे कराराने घेते. कराराच्या माणसाला 'मी जवळ जाणार नाही, दिवा अजून लागलेला आहे' असे म्हणणे कठीण जाते. पुढच्या महिन्यात आपले नाव यादीत असेल की नाही ही भीती त्याच्या मानेवर बसलेली असते. मग तो धावतो. खुणेची वाट न पाहण्यामागे, चक्रातून जाण्यामागे, ठोकर लपवण्यामागे पुष्कळदा ही भीतीच असते. नवख्याला जबाबदार धरून प्रकरण मिटवणे सोपे असते, इतकेच.

म्हणून कोर्सची फी भरण्याआधी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी संस्थेला काही प्रश्न विचारावेत. प्रत्यक्ष एप्रनवर नेऊन किती दिवस शिकवणार? शिकवणाऱ्याने स्वतः तेथे काम केले आहे काय? इंजिनाच्या धोक्याचे नकाशे, हाताच्या खुणा आणि आग विझवण्याचे साहित्य अभ्यासक्रमात आहे काय, की केवळ इंग्रजी संभाषण आणि टाय बांधणे? कोणत्याही खाजगी संस्थेच्या प्रमाणपत्रावर एप्रनवर पाऊल ठेवता येत नाही, हेही ठाऊक असावे. त्यासाठी नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या व्यवस्थेखाली मिळणारा प्रवेश परवाना लागतो आणि पोलीस पडताळणी होते. तो परवाना नोकरी देणारी कंपनीच मागवते, संस्था नव्हे. 'पास काढून देतो' म्हणून कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

नोकरी मिळाल्यावर नेमणुकीचा कागद कोणत्या कंपनीच्या नावाचा आहे ते पाहावे. गणवेश एका कंपनीचा आणि पगार दुसऱ्याच ठेकेदाराकडून, असे आढळते. अपघात झाल्यावर भरपाई कोणाकडे मागायची हा प्रश्न तेव्हा उभा राहतो, आणि त्या वेळी घरच्यांजवळ एकही कागद नसतो. नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा असल्यास त्याचे कार्ड, आणि कोणत्या दिवशी कोणते प्रशिक्षण मिळाले याची नोंद, या सर्वांची एक प्रत गावाकडे घरी ठेवावी. बूट, जाकीट आणि कानाचे संरक्षक कंपनीने द्यावयाचे असतात. त्यांचे पैसे पगारातून कापले जात असतील तर पहिल्याच महिन्यात लेखी विचारावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी.